दिंडोरीच्या वाटेवरील दिवे

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या पुतण्यानें आपल्या गाडीचे पुढचे दिवे काढवून त्यांच्या जागीं झेनॉनचे दिवे बसवून घेतले, आणि त्यावरून आमच्या घरांत जो वाद माजला त्यांतून हा लेख निघाला आहे. पुतण्याचा द्राक्षांचा मळा दिंडोरीच्या पलीकडे वणीच्या वाटेवर, आणि बिऱ्हाड नाशकांत. तेव्हां हंगामांत आठवड्यांतून चार रात्री तरी त्याला हा रस्ता तुडवावा लागतो. नाशकाहून दिंडोरी सुमारें पंचवीस किलोमीटर आणि वणी तेथून आणखी वीसेक. अंतर मोठें नाहीं. पण रात्रीं ह्या वाटेवर काय आडवें येईल ह्याचा नेम नसतो. कादवा कारखान्याकडे ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, ज्यांचा मागचा तांबडा दिवा असलाच तर उसाच्या पाल्याआड गेलेला असतो. द्राक्षांच्या क्रेटांनीं भरलेल्या पिकअप गाड्या. आणि नवरात्रांत व कोजागिरीस सप्तशृंगीच्या गडाकडे पायीं निघालेले यात्रेकरू. "काका, जुन्या दिव्यांत मला पुढचें दिसतच नाहीं हो," ही त्याची तक्रार खोटी नव्हती.

दिवे बसवून आल्यावर त्यानें आम्हांस शेजारीं बसवून दिंडोरीपर्यंत फिरवून आणलें. रस्ता चुना फांसल्यासारखा पांढरा दिसत होता, आणि कडेच्या बाभळीचें पानन् पान मोजून घ्यावें असें स्पष्ट. आम्हांसही, खरें सांगावयाचें तर, हेवा वाटला. मात्र समोरून येणारी प्रत्येक गाडी आपले दिवे रागारागानें उघडझांप करीत होती, आणि एक ट्रकवाला तर खिडकीबाहेर हात काढून कांहीं बोललाही. पुतण्या हंसून म्हणाला, "जळतात मेले!" आम्ही त्या वेळीं गप्प राहिलों. पण घरीं आल्यावर मनांत आलें, हा पाहणाऱ्याचा आणि दिपणाऱ्याचा तंटा झेनॉनपासून सुरू झाला, कीं त्याच्या आधींपासून चालत आलेला आहे? जुनीं पुस्तकें चाळूं लागल्यावर आमची अशी खात्री झाली कीं, माणसानें जेव्हां जेव्हां वाटेवरचा उजेड वाढविला तेव्हां तेव्हां तो उजेड आवरण्याची दुसरी युक्ति त्याला शोधावी लागली; आणि ही दुसरी युक्ति प्रत्येक वेळीं कांहीं वर्षें मागें राहिली.

आरंभ अर्थातच उजेड नसण्यापासून केला पाहिजे, आणि त्याचा दाखला शोधावयास दिंडोरी तालुक्याबाहेर फारसें जावें लागत नाहीं. ऑक्टोबर १६७० मध्यें शिवाजीमहाराजांनीं सुरत दुसऱ्यांदा लुटली आणि ती लूट घेऊन ते बागलाणांतून परत निघाले. त्यांना अडविण्यासाठीं दाऊदखान कुरेशी हा मोंगल सरदार चांदवडाच्या बाजूनें आला. मध्यरात्रीं हेरांनीं बातमी आणली कीं, मराठे कांचन-मंचनच्या घाटांतून उतरून नाशकाच्या वाटेस लागले आहेत. खानानें त्याच पावलीं कूच केलें. ह्या मोहिमेंत भीमसेन सक्सेना नांवाचा कारकून मोंगलांच्या छावणींत होता, आणि त्यानें पुढें आपला वृत्तांत फार्सींत लिहून ठेविला. त्याच्या आधारें जदुनाथ सरकार सांगतात तें आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाचें आहे: पहांट होण्यापूर्वीं सुमारें तीन तास चंद्र मावळला, आणि अंधारांत मोंगलांची फौज विसकळीत झाली. आघाडीवरील इखलासखान मियाणा दिवस उगवतां एका टेकाडावर चढला, तों खालच्या मैदानांत मराठे लढाईस सज्ज उभे! मागचें सैन्य येण्याची वाट न पाहतां तो तुटून पडला, जखमी होऊन घोड्यावरून खालीं आला, आणि दिवसभराच्या झुंजीनंतर मराठे लुटीसह सुखरूप निघून गेले. वणी-दिंडोरीची म्हणून जी लढाई प्रसिद्ध आहे ती हीच. तिच्यांतील यशाचें श्रेय चंद्रास देणें हा वेडेपणा होईल. मराठ्यांच्या फौजेसही अंधार तितकाच होता. पण वाट पायाखालची असणें आणि नसणें ह्यांत अंधारांत जो फरक पडतो तो दिवसा पडत नाहीं, एवढें त्या रात्रीनें दाखविलें.

त्या काळीं प्रवासाचा दिवा म्हणजे मशाल. चिंध्यांचा पलिता, त्यावर वरचेवर ओतावयाचें तेल, आणि तो घेऊन पालखीपुढें धांवणारा मशालजी. मशालीचा एक गुण असा कीं, ती धरणारा माणूस असतो. समोरून कोणी आलें तर तो हात बाजूस करतो, वारा फिरला तर आपण फिरतो. दिव्यास अक्कल असण्याचा हा शेवटचा काळ म्हणावयास हरकत नाहीं. पुढें रॉकेल आलें, हरिकेन कंदील आला, आणि तो बैलगाडीच्या आंसाखालीं टांगण्याची चाल पडली. कऱ्हाडाजवळच्या ओगलेवाडीस होणारा प्रभाकर कंदील आमच्या लहानपणीं घरोघर दिसे, आणि आमच्या आजोळच्या गाडीखालींही तोच झुलत असे. ज्यांनीं ती गाडी पाहिली आहे त्यांना बैलांच्या पायांच्या रस्त्यावर लांबलांब पडणाऱ्या, कात्रीसारख्या हलणाऱ्या सांवल्या आठवत असतील. ह्या दिव्यानें गाडीवानाला फारसें दिसत नसे. वाट बैलांना ठाऊक असे. दिवा असे तो दुसऱ्याला गाडी दिसावी म्हणून. दिव्याचीं दोन कामें असतात, एक पाहण्याचें आणि एक दिसण्याचें, आणि बैलगाडीच्या कंदिलानें दुसऱ्या कामावरच समाधान मानलें होतें. आंसाच्या उंचीवरून तो कोणाच्या डोळ्यांत जाण्याचा संभवच नव्हता.

मोटारगाडीला हें समाधान परवडणारें नव्हतें. मुंबईंत १८९८ च्या सुमारास ज्या पहिल्या मोटारी आल्या त्या काळच्या गाड्यांना घोडागाडीच्याच धर्तीचे तेलाचे दिवे असत. वेग वाढला तसें त्यांचें अपुरेपण उघड झालें. त्याच दशकांत एक नवें रसायन बाजारांत आलें होतें. अमेरिकेंत टॉमस विल्सन १८९२ मध्यें भलत्याच धातूच्या मागें असतां त्याच्या विजेच्या भट्टींतून कॅल्शियम कार्बाईड बाहेर पडलें. त्यावर पाणी पडलें कीं ॲसिटिलीन वायु निघतो, आणि त्याची ज्योत रॉकेलाच्या ज्योतीपुढें पांढरीशुभ्र दिसते. पितळी दिव्याच्या वरच्या कप्प्यांत पाणी, खालीं कार्बाईडचे खडे, आणि पाण्याचा थेंब कमीजास्त करणारी एक चावी, एवढीच त्याची रचना. लसणासारखा वास येई आणि रोज राखेचा चिखल काढावा लागे, तरी सायकलीपासून मोटारीपर्यंत सर्वांनीं तो उचलला. आपल्याकडे जत्रेंतल्या दुकानांवरही तो पुष्कळ वर्षें फुसफुसत होता.

ह्या ज्योतीमागें अन्वस्ताच्या आकाराचा आरसा बसविला म्हणजे सगळे किरण एकवट होऊन समांतर निघतात. हा खरा क्रांतीचा क्षण. मशाल आणि कंदील हे चहूंकडे उजेड सांडीत. आरशाच्या दिव्यानें उजेड भाल्यासारखा फेंकतां येऊं लागला. आणि भाला म्हटला कीं तो कोणाला लागतो हा प्रश्न आलाच. ॲसिटिलीनचा दिवा चटकन् मंद करतां येत नाहीं. म्हणून कांहीं कारखान्यांनीं अख्खा दिवाच दांडीनें खालीं वांकविण्याची सोय केली, कोणी कांचेवर पडदे लाविले. १९१२ मध्यें कॅडिलॅक गाडीनें विजेनें इंजिन सुरू करण्याची आणि विजेच्याच दिव्यांची व्यवस्था एकत्र आणली, आणि तेव्हांपासून कार्बाईडचे दिवस भरले. तरीही दिपण्याचा उपाय सांपडण्यास आणखी दहाबारा वर्षें लागलीं. तो उपाय म्हणजे एकाच बल्बमध्यें दोन तारा: एक आरशाच्या नाभींत, जिचा उजेड सरळ दूर जातो, दुसरी नाभीच्या पुढें, आणि तिच्या खालीं धातूची एक चिमुकली वाटी, जिच्यामुळें आरशाच्या खालच्या अर्ध्यावर उजेड पडतच नाहीं आणि जो वरून परततो तो रस्त्याकडे झुकतो. आमचे ड्रायव्हर ज्याला अप्पर-डिपर म्हणतात तें हेंच. एवढ्याशा वाटीनें जगांत किती अपघात टाळले असतील ह्याची मोजदाद कोणी केलेली आम्हीं पाहिली नाहीं. पण मोटारीच्या इतिहासांत इंजिनाच्या शोधकांचे पुतळे उभारले जातात आणि ह्या वाटीचें नांवही कोणाला माहीत नसतें, हें आम्हांस अन्यायाचें वाटतें.

हिंदुस्थानांत मोटारींसंबंधीं पहिला सर्व देशाचा कायदा १९१४ चा, दुसरा १९३९ चा, आणि सध्यांचा १९८८ चा. कायद्यापेक्षां युद्धानें मात्र दिव्यांना अधिक शिस्त लाविली. १९६५ आणि १९७१ च्या लढायांच्या वेळीं ब्लॅकआउटमध्यें मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवावा लागे. युद्धें संपलीं, पण ती काळी टिकली किंवा पट्टी कित्येक वर्षें गाड्यांच्या कपाळीं राहिली. पोलीसही तिचा आग्रह धरीत. शास्त्रदृष्ट्या तो उपाय धसमुसळाच. कोणता किरण कोठें जातो हें न पाहतां अर्धी कांच बंद करावयाची! पण त्यांत एक कबुली होती, कीं समोरच्याच्या डोळ्यांचा विचार करणें हें आपलें काम आहे. पुढें ती पट्टी गेली, आणि तिच्याबरोबर ती कबुलीही बरीचशी गेली असें आम्हांस कधीं कधीं वाटतें.

हॅलोजन दिव्यांची हकीकत थोडक्यांत आटोपतां येईल. बल्बमध्यें आयोडीन किंवा ब्रोमीनचा अंश ठेविला म्हणजे टंगस्टनच्या तारेचे उडालेले कण कांचेवर काजळी न धरतां पुन्हा तारेकडे परततात. त्यामुळें तार अधिक तापवितां येते. युरोपांत १९६२ मध्यें हे बल्ब मोटारींत आले, आणि १९७१ मध्यें दोन तारांचा एच-४ हा प्रकार निघाला, जो आपल्याकडील अनेक गाड्यांत अजून जळत आहे.

आतां झेनॉन. हा वायु १८९८ मध्यें लंडनास विल्यम रॅम्से आणि मॉरिस ट्रॅव्हर्स ह्यांना द्रवरूप हवेच्या गाळांत सांपडला. ग्रीक भाषेंत त्याच्या नांवाचा अर्थ परका, पाहुणा. आणि नांव यथार्थ आहे, कारण हवेच्या सुमारें १ कोटी १५ लाख भागांत त्याचा एक भाग असतो. मोटारींत तो यावयास पाऊणशेंहून अधिक वर्षें लागलीं. १९९१ मध्यें बीएमडब्ल्यूच्या ७ मालिकेंतील गाडीवर हे दिवे प्रथम बसले. ह्यांत तार नसतेच. स्फटिकाच्या चिमुकल्या कुपींत सुमारें चार मिलिमीटर अंतरावर दोन टोंकें, त्यांच्यामध्यें वीस हजारांहून अधिक व्होल्टचा एक झटका देऊन ठिणगी पाडावयाची. झेनॉन लागलीच उजळतो, आणि त्याच्या उष्णतेनें कुपींतील धातूंचे क्षार वाफ होऊन कांहीं सेकंदांत पूर्ण तेज देतात. हा झटका देणारी जी डबी असते तिला बॅलास्ट म्हणतात. पस्तीस वॅटांत हा दिवा सुमारें तीन हजार ल्यूमेन देतो. पंचावन्न वॅटांचा हॅलोजन त्याच्या निम्म्यापर्यंतही क्वचित् पोंचतो. पुतण्याच्या बाजूनें एवढें मान्य केलेंच पाहिजे. रंगाच्या बाबतींत मात्र बाजारानें त्याला फसविलें. मूळ कारखान्याचे झेनॉन दिवे सुमारें ४३०० केल्व्हिनचे, म्हणजे पांढरे असतात. त्यानें घेतलेला संच ८००० चा, निळसर. आंकडा मोठा म्हणजे उजेड मोठा, अशी त्याची समजूत. वस्तुतः निळेपणा वाढतो तसा उपयोगी उजेड घटतो.

ज्या देशांत हे दिवे निघाले तेथें त्यांच्याबरोबर नियमही निघाले. युरोपांत झेनॉनसारख्या तीव्र दिव्यांस गाडीच्या ओझ्याप्रमाणें आपोआप खालींवर होणारें यंत्र आणि कांच धुणारा फवारा ह्यांची अट घातली गेली. कारण मागें ओझें भरलें कीं गाडीचें नाक वर होतें, आणि मळक्या कांचेवरून उजेड वाटेल तिकडे उसळतो. संचांत ह्यांपैकीं कांहीं नसतें. दोन कुप्या, दोन डब्या, थोड्या वायरी. आणि ती चिमुकली वाटी? एच-४ च्या दिव्यांतील आरसा आणि कांच हीं एका ठराविक लांबीच्या, ठराविक जागीं असणाऱ्या तारेसाठीं घडविलेलीं असतात. तेथें वेगळ्या आकाराची, वर किंचित् वांकलेली विजेची ज्योत आणून ठेविली म्हणजे आरसा बिचारा जुन्याच हिशेबानें किरण पाठवितो आणि ते भलतीकडे जातात. अप्पर-डिपरसाठीं संपूर्ण कुपी लोहचुंबकानें मागेंपुढें सरकते, ती कोठें थांबेल तें तिच्या मर्जीवर.

हें सर्व पुतण्यास सांगून उपयोग झाला नाहीं. तेव्हां एका रात्रीं मळ्यावर आम्हीं त्याला गाडीपुढें पन्नास पावलांवर उभें राहण्यास सांगितलें आणि आपण डिपर लावून गाडींत बसलों. गाडीपासून दहा पावलांवर, रस्त्याच्या कडेस, त्याची आई म्हणजे आमच्या वहिनी पांढरें लुगडें नेसून उभ्या होत्या. "आई दिसते का?" असें आम्हीं विचारलें. कांहीं वेळ उत्तर आलें नाहीं. मग तो डोळ्यांवर आडवा हात धरून म्हणाला, "आई कुठें आहे?" आम्हीं दिवे मालविले, तरीही त्याला ती दिसण्यास कांहीं क्षण लागले. त्याचें वय तीस. आमच्या वयाच्या डोळ्यांस ह्याहून अधिक वेळ लागतो. वहिनी म्हणाल्या, "गडाला जाणाऱ्या बायका अशाच कडेकडेनें चालतात रे." दुसऱ्या दिवशीं तो न सांगतां नाशकास मिस्त्र्याकडे गेला.

कायद्याची बाजूही सांगितली पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ ह्यांत दिव्याचा झोत कायम इतका खालीं असावा असें म्हटलें आहे कीं, आठ मीटरांवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूस, दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा असेल तो दिपूं नये. दीड मीटर म्हणजे साधारण उभ्या माणसाचा डोळा. नियम लिहिणाराच्या डोळ्यांपुढें पायीं चालणारा होता हें पाहून आम्हांस बरें वाटलें. शिवाय जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें, कारखानदारानें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा बदल गाडींत करतां येत नाहीं, असा निर्णय दिला आहे. असे संच तरी दुकानांत राजरोस टांगलेले असतात, ही गोष्ट निराळी.

मिस्त्र्यानें, जो मोठा मितभाषी मनुष्य होता, प्रथम जुन्या दिव्यांचें काय दुखत होतें तें पाहिलें. बॅटरीवर बारा व्होल्टांहून अधिक, आणि बल्बपाशीं मोजले तर अकराच्याही खालीं. बाकीचे बारीक वायर आणि जुनाट स्विच ह्यांनीं खाल्लेले. व्होल्ट दहा टक्के घटले तर उजेड सुमारें तीस टक्के घटतो, हें आम्हांस तेथेंच कळलें. त्यानें जाड वायर आणि रिले घालून बॅटरीपासून थेट वीज आणली. दिव्यांच्या प्लॅस्टिकच्या कांचा उन्हानें पिवळ्या झाल्या होत्या त्या घांसून स्वच्छ केल्या, आणि मूळचेच ६०/५५ वॅटांचे चांगले बल्ब बसविले. पुतण्यानें भिंगाचे तयार दिवे बसविण्याची गोष्ट काढली, तेव्हां मिस्त्री म्हणाला, "साहेब, ते उजवीकडून चालणाऱ्या देशाचे असतात." डिपरचा झोत एका कडेला थोडा वर चढविलेला असतो, कीं तिकडची कडा लांबवर दिसावी, आपल्याकडे ती डावी पाहिजे. उलट देशाचा दिवा लाविला तर तो चढलेला भाग नेमका समोरच्याच्या तोंडावर जातो. इतकी साधी गोष्ट, पण आमच्या सगळ्या वाचनांत ती आमच्या लक्षांत आली नव्हती.

शेवटीं त्यानें गाडी भिंतीपासून दहा मीटरांवर सपाट जागीं उभी केली, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनें मांडली, तिच्याखालीं दहा सेंटिमीटरांवर दुसरी रेघ ओढली, आणि उजेडाची कड त्या रेघेवर येईपर्यंत पेंचकसानें स्क्रू फिरवीत बसला. मग मागच्या बाकावर चौघांना बसवून पुन्हा पाहिलें. कड वर सरकली होती. क्रेट भरल्यावर दिवे खालीं घेण्याची डॅशबोर्डवरील गोल चावी पुतण्याच्या गाडींत पहिल्यापासून होती, आणि ती कशासाठीं आहे हें त्याला त्या दिवशीं कळलें.

त्या रात्रीं आम्ही पुन्हा दिंडोरीपर्यंत गेलों. रस्ता चुन्यासारखा दिसला नाहीं, पण उसाची ट्रॉली पुरेशी आधीं दिसली, आणि ट्रकवाल्यांनीं डिपर दिला तो नेहमींसारखा. झेनॉनचा काळही आतां ओसरत चालला आहे. नव्या गाड्यांत एलईडीचे दिवे येतात, आणि त्यांचेही तयार बल्ब त्याच दुकानांत त्याच खुंट्यांवर लटकूं लागले आहेत. पुतण्याचा संच खोक्यांत घालून माळ्यावर ठेविला आहे. दुकानदार अर्ध्या किमतीस परत घेतों म्हणतो. पुतण्या पाऊण किंमत मागतो आहे.